कॉड नाही मिळाला तरी चालेल, आपली मरळ आहे ना! (लहान मुलांना मासोळी कशी सुरू करावी)



मागच्या पालकसभेत एका आईने मोबाईल माझ्यापुढे धरला. "मॅडम, ह्या व्हिडिओत बाळाले कॉड मासा द्या म्हणते. चंद्रपुरात भेटते का हा?" तिची मोठी मुलगी माझ्या पहिलीच्या वर्गात आहे आणि धाकटं सात महिन्यांचं. गंमत अशी की तिच्या घरी मासेमारीचाच धंदा आहे. मी विचारलं, "घरी मासोळी शिजते तेव्हा मुलीला काय देता?" ती म्हणाली, "रस्सा-भात. काट्याची भीती वाटते न मॅडम."

आजचा लेख या उत्तरामुळेच लिहायला घेतला.

आधी कॉडबद्दल. कॉड हा उत्तर अटलांटिकच्या थंडगार समुद्रातला मासा. आपल्या समुद्रातही तो सापडत नाही, मग मोहर्लीच्या बाजारात कुठून येणार? आपल्याकडे जुन्या लोकांना तो माहीत आहे तो 'कॉड लिव्हर ऑइल'मुळे, म्हणजे त्याच्या यकृताच्या तेलामुळे. परदेशातले डॉक्टर बाळांसाठी तो सुचवतात कारण मांस पांढरं, मऊ, वास कमी आणि बारीक काटे फारसे नाहीत. आता हेच गुण आपल्या तलावात शोधा बरं. मरळ! मांस पांढरं, मधला काटा काढला की बारीक काटे अगदी थोडे. देशी मागूरही तसाच.

रोहू-कतला स्वस्त आणि सहज मिळणारे, पण त्यांच्या पाठीच्या आणि शेपटीकडच्या मांसात इंग्रजी 'वाय' अक्षरासारखे बारीक दुफाट्या काटे लपलेले असतात. म्हणून लेकरासाठी पोटाकडचा तुकडा घ्यायचा. तिथे बरगडीचे मोठे काटे असतात, ते डोळ्याला दिसतात आणि बोटाला लागतात. शेपटीचा तुकडा मोठ्यांनी खावा.

मागूर घेताना एक काळजी. थाई मागूर म्हणून जो मोठा मासा विकला जातो, त्यावर आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे. विकणारा ओळखीचा असेल तरच मागूर घ्या.

आता रश्श्याचं. रस्सा म्हणजे मासा नव्हे! आपल्याला वाटतं सगळा कस रश्श्यात उतरला. पण प्रथिनं बहुतेक मांसातच राहतात. १०० ग्रॅम रोहूत साधारण १६-१७ ग्रॅम प्रथिनं असतात आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. म्हणजे चाळीसेक ग्रॅमचा, काटे काढलेला छोटा तुकडा एका अंड्याच्या बरोबरीचा झाला. लेकराच्या ताटात मात्र पिवळं पाणी आणि भात. घरात मासोळी आहे, पैसे खर्च झाले आहेत, आणि वाढत्या जिवाला त्यातलं जवळजवळ काहीच मिळत नाही. मला हे फार लागलं. आमच्या शाळेत अशी मुलं एक-दोन नाहीत.

सुरुवात कधी करायची? बाळाला सहा महिने पूर्ण झाले की वरच्या अन्नासोबत मासोळी चालते. एक-दोन वर्षं थांबायची गरज नाही. मरळीचा तुकडा धुऊन, चिमूटभर हळद लावून वाफवायचा. मांस पूर्ण पांढरं होऊन सहज सुटलं पाहिजे. गोड्या पाण्यातल्या माशात परजीवी जंत असू शकतात, म्हणून अर्धकच्चं अजिबात नको. मग हात स्वच्छ धुऊन मांस दोन बोटांत चुरडत काटे शोधायचे. एकदा नाही, दोनदा. चमच्याने दाबून समजत नाही, बोटालाच समजते. नंतर मऊ भातात किंवा पातळ खिचडीत कालवायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ-तिखट घालायचं नाही.

पहिल्या दिवशी पाव चमचाच, आणि तोही सकाळी, म्हणजे दिवसभर बाळावर लक्ष राहतं. पुढचे दोन-तीन दिवस दुसरं नवीन काही देऊ नका. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या किंवा उलट्या झाल्या तर मासा थांबवून डॉक्टरांना दाखवा. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, बाळ एकदम मलूल पडलं तर वाट न बघता १०८ ला फोन. बाळाला आधीपासून इसब किंवा दुसऱ्या कशाची ॲलर्जी असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच.

काटा अडकला तर आपल्याकडे कोरड्या भाताचा गोळा गिळायला देतात. देऊ नका. काटा आणखी खोल रुततो किंवा तो गोळाच अडकतो. मूल रडतंय, बोलतंय, श्वास घेतंय तर शांतपणे दवाखान्यात न्या, घशात बोट घालू नका. पण आवाजच निघत नसेल, खोकताही येत नसेल, तर १०८ ला फोन करायला कोणाला तरी सांगा आणि आपण लगेच सुरू करा. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली धरून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर ५ दाब. अडकलेलं निघेपर्यंत आलटून पालटून. शिक्षकांनी हे शिकून घ्यावंच, कारण डब्यातही मासोळी येते.

"मासोळी आणि दूध एकत्र खाल्लं की कोड फुटते" हे तर प्रत्येक सभेत ऐकायला मिळते. (कॉड आणि कोड, नावाचा सारखेपणा बघा!) कोड हा शरीराच्या स्वतःच्या संरक्षण यंत्रणेने त्वचेच्या रंगपेशींवर हल्ला केल्याने होतो. मासोळी-दुधाशी त्याचा संबंध नाही.

मोठ्या मुलांना आवडत नसेल तर पहिला दोष वासाचा. ताजी मासोळी फार वास मारत नाही. कल्ले लाल, डोळे फुगीर आणि बोटाने दाबलं तर खड्डा राहत नाही, अशीच घ्या. चिंचेच्या पाण्याने धुतली की उरलासुरला वासही जातो. माझ्या घरी चाललेला प्रकार सांगते: वाफवलेली मरळ, उकडलेला आलू, थोडा सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर), चपट्या टिकिया करून तव्यावर कमी तेलात. माझा मुलगा "मासोळी नको" म्हणत चार खातो. सुकट असेल तर दोन-तीनदा धुऊन रेती-मीठ काढा, वाळवून कढईत भाजा, मिक्सरमधून काढून चाळा. वरणात एक चमचा टाकला की काट्यांचं कॅल्शियमही पोटात जाते. पण ती खारी असते, एक वर्षाच्या आत नको.

एक मात्र कबूल करायला हवं. समुद्रातल्या कॉडमध्ये जेवढं आयोडीन असतं तेवढं आपल्या गोड्या पाण्यातल्या माशात नसतं. म्हणून घरात आयोडीनयुक्त मीठ हवंच. आणि जी कुटुंबं मासोळी खात नाहीत त्यांच्या मुलांना वर्गात कमी लेखू नका, त्यांच्यासाठी डाळी, दूध, जवसाची चटणी आहे.

त्या आईला मी एवढंच म्हटलं होतं की उद्या मरळ आणली तर पोटाकडचा एक तुकडा मसाला टाकायच्या आधी बाजूला काढा. पुढच्या आठवड्यात 'काल काय खाल्लं' हे विचारताना तिची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मासोळी. रस्सा नाही मॅडम, मासोळी. बाबानं काटे काढले."