अल्पखर्चाचे माहिती तंत्रज्ञान आणि नागझिरा परिसरातील लहान व्यवसाय

माहिती तंत्रज्ञान हे शब्द कानांवर पडले की आपल्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारती उभ्या राहतात. हे आपले काम नव्हे, अशी आपण मनाची समजूत घालून घेतो. वास्तविक माहिती साठवून ठेवणे, ती हवी तेव्हा काढणे आणि गरजेच्या माणसापर्यंत पोचविणे एवढाच या शब्दांचा साधा अर्थ आहे. या अर्थाने किराणा दुकानदाराची उधारीची वही हेसुद्धा माहितीचेच साधन आहे. फरक एवढाच की वहीतील माहिती वहीतच राहते, तर खिशातल्या मोबाइलमधील माहितीचा हिशेबासाठी, विक्रीसाठी आणि कर्जासाठीही उपयोग करता येतो. तो कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले. १९९९ च्या १ मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. चोरखमारा, पिटेझरी, मंगेझरी, उमरझरी या प्रवेशद्वारांमुळे आजूबाजूच्या गावांना पर्यटनाचा थोडाफार आधार मिळाला. कोणी जिप्सी चालवतो, कोणी गाइड म्हणून जातो, कोणी चहा-नाश्त्याची टपरी टाकतो, तर कोणी घरातील दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवतो. याशिवाय मोहफुले, मध, चारोळी, बांबूकाम, मामा तलावातील मासळी आणि धान हे जुने व्यवसाय आहेतच. मात्र पावसाळ्यात पर्यटन बंद असते, तेंदूपत्त्याचा हंगाम थोड्याच दिवसांचा असतो आणि धानाचा पैसा वर्षातून एकदोनदाच हाती येतो. म्हणजे येथील लहान व्यावसायिकाची कमाई हंगामी, पण घरखर्च बारमाही असतो. अशा माणसाला हिशेबाची गरज मोठ्या व्यापाऱ्यापेक्षाही जास्त आहे.

वारणेचा धडा

या बाबतीत महाराष्ट्रातच घडलेले एक उदाहरण समजून घेण्यासारखे आहे. कोल्हापूर-सांगली भागातील वारणा सहकारी क्षेत्रात १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. सुमारे ७० गावांना संगणकाने जोडण्याची ती योजना होती. शेती, बाजारभाव, सरकारी योजना असे पुष्कळ काही त्यातून मिळावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर येत ते मुख्यतः आपल्या उसाचे वजन किती भरले, बिल किती झाले हे पाहण्यासाठी. त्यात खेड्यातील वीज जाणे, संगणक बिघडणे, दुरुस्तीचा खर्च या अडचणी होत्याच. पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी सात गावांत वेगळा प्रयोग केला. शेतकऱ्याने साध्या मोबाइलवरून एसएमएस पाठवायचा आणि हवी ती माहिती एसएमएसनेच परत मिळवायची. जे काम महागडा संगणक करीत होता तेच काम साध्या फोनने झाले.

यातून घ्यायचा बोध असा की, आपल्याला नेमकी कोणती माहिती हवी आहे हे आधी ठरवावे आणि मग त्यासाठी सर्वांत स्वस्त साधन निवडावे. आधी महाग साधन घेऊन नंतर त्याचा उपयोग शोधणे म्हणजे घोड्याच्या आधी गाडी जुंपणे होय.

पहिली पायरी : हिशेब

समजा, प्रवेशद्वाराजवळ एका ताईंची तर्री-पोहे आणि चहाची टपरी आहे. त्यांनी रोजची विक्री मोबाइलमधील तक्त्यात किंवा एखाद्या मोफत हिशेबाच्या ॲपमध्ये लिहायला सुरुवात केली. महिन्याभराने असे दिसले की, सोमवार ते शुक्रवार दररोज सरासरी १,००० रुपयांची, तर शनिवारी आणि रविवारी दररोज २,५०० रुपयांची विक्री होते. म्हणजे पाच दिवसांचे ५,००० आणि दोन दिवसांचेही ५,०००. आठवड्याची निम्मी विक्री दोनच दिवसांत होत असताना त्या माल मात्र सातही दिवस सारखाच भरतात. परिणामी पाच दिवस पोहे उरतात आणि दोन दिवस गिऱ्हाईक परत जाते. मालाचे प्रमाण बदलले की नवीन भांडवल न घालताही नफा वाढतो. हे ज्ञान देण्यास कोणी तज्ज्ञ लागला नाही. लागली ती रोजची पाच मिनिटे.

ज्यांना मोबाइलमध्ये लिहिणे जमत नाही त्यांनी वहीत लिहावे आणि घरातील शिकत्या मुलाने आठवड्यातून एकदा ते मोबाइलमध्ये उतरवावे.

दुसरी पायरी : पैशांची देवघेव

२०१६ साली यूपीआय ही पद्धत आली आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला ‘भीम’ ॲप सुरू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव या ॲपला दिले आहे. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाचे नाव पैशांच्या व्यवहाराच्या साधनाला मिळावे, हे उचितच म्हटले पाहिजे. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला बँकेचे व्यापारी शुल्क पडत नाही. कागदावर छापलेला क्यूआर कोड पुरेसा होतो. पैसे आल्याचे बोलून सांगणाऱ्या यंत्राला मात्र बहुधा मासिक भाडे असते. ते आधी विचारून घ्यावे आणि आपल्या विक्रीला परवडत असेल तरच यंत्र घ्यावे.

जंगलालगत नेटवर्क नेहमी मिळतेच असे नाही. साध्या फोनधारकांसाठी मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ ही सोय सुरू झाली. तरीही थोडी रोकड आणि सुटे पैसे जवळ ठेवणे शहाणपणाचेच आहे.

तिसरी पायरी : ग्राहकापर्यंत पोचणे

आजचा पर्यटक सफारीचे आरक्षण वन विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या करतो. राहण्या-जेवणाची सोयही तो मोबाइलवरच शोधतो. आपली घरगुती निवासाची जागा त्या नकाशावर नसेल तर त्याच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नाही. गूगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद करणे मोफत आहे. ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ २०१८ पासून उपलब्ध आहे. त्यात खोलीचे, जेवणाचे किंवा मधाच्या बाटलीचे छायाचित्र आणि दर मांडून ठेवता येतो. दर स्पष्ट लिहावा, छायाचित्र खरे असावे आणि विचारणा आल्यास त्याच दिवशी उत्तर द्यावे. एकदा येऊन गेलेल्या पाहुण्याला विचारून त्याचा क्रमांक जपून ठेवावा. पावसाळ्यानंतर जंगल उघडण्याच्या सुमारास त्याला पाठविलेला एक संदेश मोठ्या फलकापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

चौथी पायरी : कर्जासाठी पुरावा

बँकेत नोकरी करताना एक गोष्ट नेहमी दिसते. माणूस कष्टाळू असतो, धंदाही चालू असतो, परंतु तो चालू असल्याचा कागद त्याच्याजवळ नसतो. सगळा व्यवहार रोखीचा असल्याने खाते रिकामे दिसते. मग अर्ज मागे पडतो आणि तो सावकाराच्या दारी जातो. येथेच माहिती तंत्रज्ञानाचे खरे मोल आहे. वर्षभर विक्रीचे पैसे खात्यात जमा होत राहिले तर स्टेटमेंटच त्याच्या वतीने बोलते. कोणत्या महिन्यांत कमाई आहे आणि कोणत्या नाही हेही त्यात दिसते. त्यामुळे हंगामाप्रमाणे हप्ते बांधून मागण्यास आधार मिळतो.

मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तिच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. व्यवसायाची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सरकारी संकेतस्थळावर आधारच्या साह्याने विनामूल्य होते. त्यासाठी दलालाला हजार-पाचशे देण्याचे कारण नाही.

येथे एक शंका घेतली जाते : खात्यात पैसे दिसले तर कर लागेल काय? जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआय व्यवहारांवरून लहान दुकानदारांना नोटिसा गेल्या. त्यामुळे ही भीती वाढली. परंतु महाराष्ट्रात निव्वळ मालाच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा साधारणपणे वार्षिक ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख रुपये उलाढालीची आहे. आपल्या टपऱ्या तेथपर्यंत क्वचितच पोचतात. धंद्याचे खाते आणि घरचे खाते वेगळे ठेवले म्हणजे बहिणीने पाठविलेले पैसे विक्रीत मिसळत नाहीत.

सावधगिरी

पैसे मिळण्यासाठी पिन कधीच द्यावा लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार, येणार नाहीत, हे घरातील प्रत्येकाने पाठ करावे. ग्राहकाने दाखविलेल्या पडद्यावर विसंबू नये, आपल्या खात्यात रक्कम आली का ते पाहावे. आपल्या क्यूआर कोडवर कोणी दुसरा चिकटवला नाही ना, हे सकाळी दुकान उघडताना पाहावे. फसवणूक झाल्यास लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

विद्यार्थी मित्रांना

२००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील असंख्य मुलामुलींना संगणक शिकविला. अनेकांनी ते प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडले आणि विद्या तेथेच थांबली. तिचा उपयोग आपल्या गल्लीतील दुकानदारासाठी का होऊ नये? एका विद्यार्थ्याने एका व्यावसायिकाची जबाबदारी घ्यावी. पहिल्या महिन्यात हिशेबाचा तक्ता, दुसऱ्यात धंद्याचे वेगळे खाते आणि क्यूआर कोड, तिसऱ्यात उद्यम नोंदणी आणि नकाशावरील नोंद, एवढे केले तरी तीन महिन्यांत एक व्यवसाय कागदावर उभा राहतो. वर्षाअखेर त्याच व्यावसायिकासोबत स्टेटमेंट घेऊन बँकेत यावे.

मोबाइल आता घरोघरी आहे आणि त्याच्या रिचार्जचा खर्च आपण करीतच आहोत. त्यातला थोडा भाग करमणुकीकडून कमाईकडे वळविला तर सावकाराच्या व्याजाची एक तरी फेरी टळेल, आणि लहान धंदा पुढच्या हंगामापर्यंत स्वतःच्या पायांवर उभा राहील.