ऊसतोड मजुरांच्या कमी वजनाच्या बालकांचा आहार : बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून परिचित आहे. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील हजारो जोडपी दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी गावी हंगामी वसतिगृहांची सोय असते. परंतु सहा वर्षांखालील बालक आईबरोबर फडावरच जाते. प्रस्तुत लेखात याच बालकाच्या आहाराचा विचार केला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या वाढमानकांनुसार वयाच्या मानाने वजन उणे दोन प्रमाण विचलनाखाली असल्यास बालक कमी वजनाचे समजले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अशा बालकांचे प्रमाण 2015-16 मध्ये 36.0 टक्के, तर 2019-21 मध्ये 36.1 टक्के होते. म्हणजे या काळात सुधारणा जवळजवळ शून्य.

आहाराचे स्वरूप :
याचे खापर मातेच्या अज्ञानावर फोडण्याची प्रथा आहे. ती प्रस्तुत लेखिकेस मान्य नाही. लहान मुलाचे पोट लहान असते. त्यामुळे पातळ वरण वा पेज पोटभर पाजली तरी उष्मांक थोडेच मिळतात. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे, परंतु घट्ट अन्न लागते. पहाटे फडात गेलेली आई ते भरवणार केव्हा? कोपीवर बाळाला सांभाळते ती आठ-नऊ वर्षांची बहीण. म्हणून उपायही असा हवा की, जो आईच्या गैरहजेरीत टिकेल.

तेल-तुपाच्या एका ग्रॅमपासून 9, तर पिष्टमय पदार्थांच्या एका ग्रॅमपासून 4 उष्मांक मिळतात. वरणात कुस्करलेल्या भाकरीवर चहाचा एक चमचा तेल घातल्यास घासांची संख्या न वाढता सुमारे 40 उष्मांक वाढतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत जवळपास 25 ग्रॅम प्रथिने असतात. शेंगदाण्याचा बारीक कूट, तीळ व गूळ यांचे लाडू अनेक दिवस टिकतात व बहीणही ते भरवू शकते. (अख्खे दाणे मात्र देऊ नयेत, ते घशात अडकतात.) मटकी, हुलगा मोड आणून शिजवावा, जमेल तेव्हा अंडे द्यावे. चहा-बिस्किटाने भूक मरते, वजन वाढत नाही.

दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास किंवा दोन्ही पायांवर सूज असल्यास मात्र घरगुती उपायांवर विसंबू नये. अशा बालकास तातडीने वैद्यकीय उपचारांची गरज असते.

नोंदीचा प्रश्न :
एकात्मिक बालविकास सेवा योजना 1975 पासून कार्यरत आहे. तथापि बालकाचे नाव गावच्या अंगणवाडीत आणि बालक फडावर, अशी स्थिती राहिल्यास पूरक आहार त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. स्थलांतरापूर्वी वजनाची नोंद घेऊन ती कारखाना परिसरातील अंगणवाडीकडे जाणे आवश्यक आहे. आपल्या महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात. त्या वेळी गावात वजन करण्यासाठी जी बालके सापडतात, ती मागे राहिलेली असतात. हेच सर्वेक्षण ऑक्टोबरच्या प्रारंभी आणि पुन्हा मजूर परतल्यावर एप्रिल-मेमध्ये घेतल्यास हंगामात बालकाचे वजन किती वाढले वा घटले, हे समजू शकेल.