बायोडाट्यात भाषा कशी लिहायची?



गटाच्या बैठकीला येताना आता बऱ्याच ताया आपल्या मुलीचा, सुनेचा नाहीतर स्वतःचा बायोडाटा घेऊन येतात. कुणाला बँक सखीच्या कामासाठी अर्ज करायचा असतो, कुणाला नागपूरच्या दवाखान्यात, तर कुणाला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या आसपासच्या रिसॉर्टमध्ये. आम्ही ते कागद वाचतो. नाव, गाव, शिक्षण वेगवेगळं असतं. पण ‘अवगत भाषा’ ही ओळ मात्र सगळ्यांची एकच असते : मराठी, हिंदी, इंग्रजी. एकीच्या कागदावरून दुसरीने, दुसरीच्यावरून तिसरीने उतरवलेली. या ओळीत दोन गोष्टी चुकतात. खरोखर येणारी भाषा राहून जाते आणि न येणारी भाषा लिहिली जाते. आज त्याबद्दलच बोलू.

आधी राहून जाणाऱ्या भाषेचं पाहू. एखादीला विचारलं तर ती म्हणते, “मले काय येते बाई, मराठीच तं येते!” पण आपल्या पूर्व विदर्भातल्या कितीतरी बायका मिरची तोडायला तेलंगणात जातात. दोन-चार हंगाम तिकडे राहिल्या की मजुरीचा हिशेब, दुकानातली खरेदी, दवाखान्यात दुखणं सांगणं, सगळं तेलुगूत करू लागतात. कुणाचं माहेर गोंडी बोलणारं असतं. कुणी छत्तीसगडची सून असते, तिला छत्तीसगढी येते. या भाषा शाळेत शिकलेल्या नाहीत, त्यांचा कागद नाही, म्हणून त्या बायोडाट्यात येत नाहीत.

इथे आनंदीबाई जोशींची आठवण होते. त्यांचं शाळेतलं शिक्षण थोडंच. पती गोपाळराव टपाल खात्यात होते, त्यांची बदली होईल तिकडे त्या गेल्या आणि इंग्रजी मुख्यतः घरीच शिकल्या. त्याच इंग्रजीत १८८३ साली त्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी पत्र लिहिलं आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. घरी, शेतात, बाजारात शिकलेली भाषाही खरीच असते. कोणत्या भाषेला सरकारी मान आहे, यावरही जाऊ नका. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत आणि त्यात गोंडी नाही. पण गोंडी बोलणारे देशात २९ लाखांहून जास्त आहेत, हे २०११ च्या जनगणनेनेच नोंदवलं आहे. गडचिरोलीत आरोग्याचं किंवा बचत गटाचं काम करणाऱ्या संस्थेला गोंडी येणारी मुलगी हवीच असते.

आता न येणारी भाषा. ‘इंग्रजी – उत्तम’ असं लिहून मुलगी मुलाखतीला जाते. समोरचा इंग्रजीतच म्हणतो, स्वतःबद्दल दोन मिनिटं सांगा. मुलगी गप्प होते. मग तिने लिहिलेल्या टायपिंगवर आणि कॉम्प्युटरवरही समोरच्याचा विश्वास राहत नाही. आरोग्याच्या कामात तर याहून मोठं नुकसान होतं. ‘गोंडी येते’ असं लिहिलं म्हणून बाईला पाड्यावर पाठवलं आणि तिला म्हातारीचं दुखणंच कळलं नाही, तर त्याचा त्रास त्या म्हातारीला होतो.

मग खरं कसं लिहायचं? ‘येते’ या एका शब्दाचे चार भाग करा : समजते, बोलता येते, वाचता येते, लिहिता येते. नोकरीच्या अनेक अर्जांत बोलणे, वाचणे, लिहिणे असे वेगळे रकानेच असतात. प्रत्येक भागासाठी घरच्या घरी एक परीक्षा घ्या.

समजते का? त्या भाषेतल्या बातम्या ऐका आणि काय सांगितलं ते मराठीत सांगा.
बोलता येते का? न अडखळता दोन मिनिटं आपल्या कामाबद्दल बोला.
वाचता येते का? खताच्या पिशवीवरच्या सूचना वाचून अर्थ सांगा.
लिहिता येते का? रजेचा अर्ज कुणाला न विचारता लिहा.

जे जमलं तेच लिहायचं. आमच्या बैठकीत आम्ही असा नमुना लिहून देतो :

मराठी : मातृभाषा, बोलणे, वाचणे, लिहिणे.
हिंदी : बोलणे व वाचणे चांगले, लिहिणे साधारण.
तेलुगू : कामापुरते बोलता येते व समजते, वाचता-लिहिता येत नाही.
इंग्रजी : वाचता येते, बोलणे थोडे.

‘वाचता-लिहिता येत नाही’ असं लिहायची लाज वाटू देऊ नका. मिरचीच्या व्यापाऱ्याला तेलुगू मजुरांशी बोलणारी मुकादम हवी असेल, तर तिने तेलुगू वाचावं अशी त्याची अपेक्षाच नसते. मातृभाषा पहिली लिहा, मग जी जास्त येते ती. झाडीबोली ही मराठीचीच बोली आहे, पण गावोगाव फिरायचं काम असेल तर तिचाही उल्लेख करा. ‘दहापैकी आठ’ असे गुण स्वतःला देऊ नका, त्यावरून समोरच्याला काहीच कळत नाही.

आता परदेशी भाषा. हा विषय आपल्यापासून दूरचा राहिलेला नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला. तेव्हापासून नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या मुलीही जर्मन भाषेबद्दल विचारतात. इथे ‘जर्मन येते’ एवढं लिहून चालत नाही, पातळी लिहावी लागते. युरोपातल्या भाषांच्या सहा पातळ्या मानतात : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. ए-१ म्हणजे नाव, गाव, साधी विचारपूस. बी-१ म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः सांभाळता येणे. सी-२ सर्वांत वरची. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारणपणे बी-२ लागते. जपानी भाषेच्या परीक्षेत क्रम उलटा आहे : एन-५ सर्वांत खालची आणि एन-१ सर्वांत वरची. जपानमध्ये वृद्धांच्या देखभालीच्या कामासाठी साधारण एन-४ आणि त्या कामाच्या वेगळ्या परीक्षा मागतात.

म्हणून पातळी, परीक्षेचं नाव आणि उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, असं तिन्ही लिहा. वर्ष यासाठी, की काही ठिकाणी जुनं प्रमाणपत्र चालत नाही. परीक्षा दिली नसेल तर ‘जर्मन : ए-१ चा अभ्यास सुरू’ असं लिहा. तेही खरंच आहे आणि मुलगी शिकते आहे हे त्यातून दिसतं. आणखी एक सावधगिरी. कुणी एजंट ‘भाषा न शिकता जर्मनीला पाठवतो, प्रमाणपत्रही आम्हीच देतो’ म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नका. खोट्या कागदावर व्हिसा नाकारला जातो आणि कर्ज काढून भरलेली रक्कमही बुडते.

येत्या बैठकीत प्रत्येकीने एक कोरा कागद आणावा. शेजारी बसलेल्या बाईला वरचे चार प्रश्न विचारून तिची भाषेची ओळ तुम्ही लिहा, तुमची ती लिहील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगावं, सचिव ताई उतरवून घेतील. गावात कुणाला कोणती भाषा येते, याची एक यादी गटाच्या वहीत राहू द्या. काम देणारा विचारायला आला, की ती वही त्याच्यापुढे ठेवता येईल.