गणिताची रांगोळी

भारताच्या किनाऱ्याची लांबी ७,५१६ किलोमीटर, असे आपल्या दोन-तीन पिढ्या पाठ करीत आल्या. २०२४ साली जाहीर झालेल्या फेरमोजणीत ती ११,०९८ किलोमीटर भरली. नकाशा अधिक बारकाईने पाहिल्यामुळे पूर्वी सुटलेली खाड्यांची वळणे हिशेबात आली, हे त्याचे मुख्य कारण. मोजपट्टी जितकी आखूड, तितका किनारा लांब! बेन्वा मांडेलब्रॉ या गणितज्ञाने १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याचे उदाहरण घेऊन हेच मांडले होते. अशा खडबडीत आकृत्यांना पुढे त्यानेच 'फ्रॅक्टल' हे नाव दिले.

या गणितातून संगणकावर चित्रे रेखाटण्याचा एक निरलस छंद जगभर रुजला आहे. त्याचे मूळ सूत्र शाळकरी मुलासही समजावे असे आहे. एक संख्या निवडावी. शून्यापासून आरंभ करून आलेल्या उत्तराचा वर्ग करावा, त्यात ती संख्या मिळवावी आणि हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. १ घेतल्यास १, २, ५, २६ अशी उत्तरे भरकटत जातात. उणे १ घेतल्यास ती उणे १ व शून्य यांतच घोटाळत राहतात. प्रतलावरील प्रत्येक बिंदूस एक संमिश्र संख्या मानून, न भरकटणाऱ्यांना काळा रंग द्यावा व इतरांना त्यांच्या वेगानुसार निरनिराळे रंग द्यावेत. डझनभर ओळींच्या या आज्ञावलीतून जी नक्षी उमटते, तिच्या काठाशी कितीही जवळ जा, नवी वेलबुट्टी संपत नाही. ए. के. ड्यूडनी यांनी ऑगस्ट १९८५ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये ही कृती दिली, तेव्हा हौशी मंडळींचे घरगुती संगणक एकेका चित्रासाठी तासन् तास राबत. आज तेच काम क्षणात होते.

आता तर नुसती फर्माईश केली की कृत्रिम बुद्धिमत्ता हवे ते चित्र हाती ठेवते. मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, मागून मिळालेल्या चित्रातील एकाही ठिपक्याचे कारण मागणाऱ्यास सांगता येत नाही. स्वतः नियम लिहिणाऱ्यास प्रत्येक ठिपक्याचा जाब देता येतो. आणि तरीही ते चित्र त्याला चकित करते! ठिपके व नियम यांतून सौंदर्य उभे करण्याची विद्या आपल्या अंगणांना अपरिचित नाही. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात तामिळ 'कोलम'चे व्याकरणच गणिताच्या भाषेत मांडले होते.

गोव्यातील शाळांतून आता कोडिंग शिकविले जाते, हे स्वागतार्ह आहे. मात्र हा विषय नोकरीच्या आशेपुरताच उरला, तर आणखी एका घोकंपट्टीची भर पडेल. वर्षातून चार तास तरी मुलांना आपल्या नियमाने आपले चित्र काढू द्यावे, अशी शिक्षणखात्यास आमची सूचना आहे. त्यासाठी नव्या यंत्रांची गरज नाही. मुलांना चुकू देणारा शिक्षक तेवढा हवा. गणिताच्या धास्तीने मागच्या बाकावर सरकणारी किती मुले त्या तासाला पुढे येऊन बसतील, हे एकदा पाहावे तरी!