अमिबाची वाट तोंडातून नव्हे, नाकातून

केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये 'मेंदू खाणाऱ्या अमिबा'चे रुग्ण आढळले, तशी मोबाइलवरून भीती मावळातही पोचली. सोमाटणे फाट्यावरून सुट्टीला पवना धरणाकडे वळणाऱ्या पालकांना वाटते, पोरांच्या पोटात ते पाणी गेले तर? धरणाचे पाणी न उकळता पिऊ नयेच, पण त्याची कारणे वेगळी. नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा पोटातून मेंदूत जात नाही. पाणी नाकात शिरले, तरच तो वास घेणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटेने वर चढतो. आमांशाचा अमिबा निराळा. नेग्लेरियाचा आजार रुग्णाजवळ बसल्यानेही लागत नाही.

पावसाळी धबधब्याला या अमिबाच्या भीतीने घाबरणे चुकीच्या जागी घाबरणे आहे. त्याला उन्हाने तापलेले, साचलेले गोडे पाणी मानवते. ४६ अंश सेल्सिअसपर्यंतही तो वाढतो. भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा जीव घेतला, तो पाण्याच्या लोंढ्याने.

खरी काळजी जलनेतीची, म्हणजे पाण्याने नाक धुण्याच्या योगक्रियेची, घ्यायला हवी. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले, तेव्हापासून या भागाला योगाची ओळख आहे आणि जलनेती अनेक घरांत होते. ती बंद करायचे कारण नाही, पाणी मात्र बदला. अमेरिकेत लुइझियानामध्ये २०११ साली नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा या आजाराने मृत्यू झाला. पिण्याजोगे पाणी नाकासाठी सुरक्षित असतेच असे नाही. गीझरचे गरम पाणी नळाच्या पाण्यात मिसळून कोमट केले, त्यात चमचाभर मीठ टाकले, तरी अमिबा मरत नाही. पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळा, झाकून निवू द्या आणि मगच वापरा.

'झाला की मेलाच' हेही पूर्ण खरे नाही, पण फार खोटेही नाही. अमेरिकेत १९६२ ते २०२२ या काळातल्या १५७ रुग्णांपैकी चौघेच वाचले. कोझिकोड जिल्ह्यातला चौदा वर्षांचा एक मुलगा २०२४ मध्ये बरा झाला, कारण निदान लवकर झाले. लक्षणे साध्या मेंदुज्वरासारखीच असतात: ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, ताठरलेली मान. म्हणून तळ्यात किंवा धरणात पोहल्यावर बारा दिवसांच्या आत असे काही दिसले, तर थेट मोठे रुग्णालय गाठा आणि नाकात पाणी गेले होते हे डॉक्टरांना त्यांनी विचारायच्या आधीच सांगा.