जुन्या पिकअप वाहनाच्या खरेदीचा निर्णय : एक अर्थशास्त्रीय व व्यावहारिक विवेचन

बीजसंज्ञा : जुने मालवाहू वाहन, माहितीची असममितता, प्रति किलोमीटर खर्च, योग्यता प्रमाणपत्र, मालकी हस्तांतरण

प्रस्तावना

शेतमाल शिवारातून बाजारपेठेपर्यंत वेळेत पोहोचविणे हा ग्रामीण अर्थव्यवस्थेतील कळीचा प्रश्न आहे. बैलगाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली आणि भाड्याचा टेम्पो या टप्प्यांनंतर लहान मालवाहू वाहनाने महाराष्ट्राच्या खेड्यांत आपले स्थान पक्के केले. २००५ मध्ये बाजारात आलेली व ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाणारी टाटा एस आणि त्याहून दणकट अशी बोलेरो पिकअप ही त्याची परिचित उदाहरणे होत. नारायणगावचा टोमॅटो असो वा लासलगावचा कांदा, उत्पादकाला स्वतःचे वाहन हवेसे वाटते. नवे वाहन आवाक्याबाहेर असल्याने आठ-दहा वर्षे वापरलेल्या पिकअपकडे त्याची दृष्टी वळते. अशा खरेदीत पुष्कळदा घरातील सर्व बचत गुंतते. तरीही निर्णय मात्र मागितलेली किंमत व वाहनाचे रंगरूप यांवरून घेतला जातो. जुन्या वाहनाचे खरे मूल्य त्याच्या विक्री किमतीत नसून उर्वरित आयुष्यात ते किती खर्चात, किती खात्रीने व कोणत्या कायदेशीर दर्जाने काम देईल यात असते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. माहितीची असममितता

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेतले होते. विक्रेत्याला वाहनाचे दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. त्यामुळे ग्राहक सरासरी दर्जा गृहीत धरून किंमत देऊ करतो. ती उत्तम वाहनाच्या मालकाला परवडत नाही व तो बाजारातून माघार घेतो. परिणामी बाजारात सदोष वाहनांचे प्रमाण वाढते. माहितीच्या असममितीवरील या विचारासाठी अकेरलॉफ यांना २००१ चे नोबेल पारितोषिक स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत मिळाले. या सिद्धांताचा व्यावहारिक अर्थ असा की, तपासणीवर होणारा खर्च हा अपव्यय नसून माहितीची किंमत होय. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मिस्त्रीला मोबदला देऊन वाहन दाखविणे, ही खरेदीतील पहिली गुंतवणूक मानावयास हवी.

२. यांत्रिक परीक्षण

पिकअप हे ओझे वाहणारे साधन असल्याने तिचा पूर्वेतिहास इंजिनाइतकाच सांगाड्यावर उमटलेला असतो. सातत्याने जादा माल वाहिलेल्या वाहनाचे पाटे बसलेले असतात, चॅसीला तडे जाऊन त्यांवर वेल्डिंग केलेले असते व मागील टायर असमान झिजलेले दिसतात. चॅसीवर नुकताच दिलेला काळा रंग हा म्हणूनच संशयाचा विषय होय. किनारपट्टीवर मासळी वाहिलेल्या वाहनात खाऱ्या पाण्यामुळे हौदा व त्याखालील भाग आतून गंजलेला असू शकतो. सांगली-कोल्हापूर येथील ऑगस्ट २०१९ चा किंवा चिपळूण येथील जुलै २०२१ चा महापूर लक्षात घेता, त्या परिसरातून आलेल्या वाहनाच्या आसनाखाली, डॅशबोर्डमागे व वायरिंगच्या जोडांत गाळाचा थर आहे काय, हे पाहणे इष्ट ठरते.

इंजिन पूर्णतः थंड असताना सुरू करून पाहावे; आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष लपविते. धुराचा रंगही बोलका असतो. सतत निळसर धूर ऑइल जळत असल्याचे, तर काळा धूर इंधन जादा किंवा हवा अपुरी असल्याचे सुचवितो. इंजिन तापल्यानंतरही दाट पांढरा धूर येत राहिल्यास पाणी ज्वलनकक्षात शिरत असल्याची शंका घ्यावी. ऑइलला दुधाळ रंग आलेला असणे किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असणे, ही मोठ्या दुरुस्तीची पूर्वसूचना होय. रिकामे वाहन सपाट रस्त्यावर चालवून केलेली चाचणी अपुरी असते. क्लच, गिअर, ब्रेक व डिफरन्शियल यांची खरी परीक्षा माल भरून चढावर व उतारावर होते.

३. कायदेशीर दर्जा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्राविना वाहतूक वाहनाची नोंदणी वैध मानली जात नाही. बोलीभाषेत ‘पासिंग’ म्हणतात ते हेच. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत या प्रमाणपत्राचे नूतनीकरण दोन वर्षांसाठी व त्यानंतर एक वर्षासाठी होते. म्हणजेच जुने वाहन घेणारा दरवर्षीच्या परीक्षेचीही जबाबदारी स्वीकारतो. पंधरा वर्षांवरील वाहनांसाठीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढविण्यात आले. यास्तव चौदा वर्षांच्या वाहनाची स्वस्ताई तपासून पाहावी लागते.

वित्तसंस्थेचे कर्ज असल्यास नोंदणी प्रमाणपत्रावरील बोजा उतरविल्याचा दाखला, थकीत कर, प्रलंबित ई-चलन, विमा आणि चॅसी व इंजिन क्रमांकांचा मेळ या बाबी विसार देण्यापूर्वीच पडताळाव्यात. अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे खरेदीदाराने तीस दिवसांच्या आत हस्तांतरणाची नोंद करून घ्यावयाची असते. विम्यावरील नाव बदलण्यासाठी कलम १५७ अन्वये चौदा दिवसांची मुदत आहे. ‘नावावर नंतर करू’ ही प्रथा विक्रेत्यासही घातक आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या प्रकरणात, वाहन पुढे विकले गेले असले तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीतील मालकच उत्तरदायी राहतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला आहे.

४. खर्चाचे गणित

मुद्दा स्पष्ट होण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. ‘अ’ वाहन ३,००,००० रुपयांना मिळते. त्यास तात्काळ ६०,००० रुपयांची दुरुस्ती लागते. ‘ब’ वाहनाची किंमत ३,७५,००० रुपये, तात्काळ दुरुस्ती १५,००० रुपये. वार्षिक देखभाल अनुक्रमे ४५,००० व २५,००० रुपये, तर विमा, कर व पासिंग दोहोंसाठी ३५,००० रुपये मानू. चार वर्षांनंतर ‘अ’ १,४०,००० व ‘ब’ १,९०,००० रुपयांस विकले जाईल असे धरल्यास, पुनर्विक्रीची रक्कम वजा जाता ‘अ’ चा निव्वळ खर्च ५,४०,००० व ‘ब’ चा ४,४०,००० रुपये येतो. खरेदीत पाऊण लाखाने स्वस्त असलेले वाहन अशा रीतीने चार वर्षांत एक लाखाने महाग पडते.

यात बंद दिवसांची हानी मिळविली पाहिजे. ‘अ’ वर्षाकाठी बारा दिवस व ‘ब’ चार दिवस बंद राहिले आणि प्रत्येक दिवसाचे नुकसान २,५०० रुपये धरले, तर वार्षिक भार अनुक्रमे १,६५,००० व १,२०,००० रुपये होतो. वर्षाला १५,००० किलोमीटर धाव असल्यास इंधन व चालक वगळून हा खर्च प्रति किलोमीटर ११ व ८ रुपये पडतो. नाशवंत मालाच्या हंगामात मात्र एका बंद दिवसाची हानी याहून कितीतरी अधिक असू शकते.

हेच गणित खरेदी न करण्याच्या पर्यायालाही लागू होते. वर्षातून केवळ चाळीस दिवस वाहन लागत असेल व इंधन-चालकासह भाडे दिवसाला ३,००० रुपये असेल, तर एकूण भाडे १,२०,००० रुपयेच होते. कमी वापरात देखभाल घटली तरी विमा, पासिंग व वयानुसार होणारी मूल्यघट त्या प्रमाणात घटत नाही. अशा कुटुंबाने भाड्याचेच वाहन वापरणे शहाणपणाचे ठरते.

निष्कर्ष

१) किंमत ठरविण्यापूर्वी स्वतःचा वार्षिक वापर निश्चित करावा, वापर अल्प असल्यास उत्तम वाहनही तोट्याचे ठरते.

२) दुरुस्त होऊ शकणाऱ्या दोषांचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. तडा गेलेली चॅसी, पुरात बुडालेले वाहन व न जुळणारे क्रमांक यांबाबत मात्र घासाघीस न करता व्यवहारच सोडून द्यावा.

३) विसाराची रक्कम गमावण्याच्या भीतीने सदोष वाहन स्वीकारू नये. दिलेला विसार हा बुडीत खर्च होय. पुढील निर्णय पुढील खर्चावरच आधारलेला असावा.

४) उपलब्ध रक्कम संपूर्णपणे खरेदीत न घालता पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी तिचा काही हिस्सा राखून ठेवावा.

सारांश, जुनी पिकअप घ्यावी की नाही, या प्रश्नाचे सरसकट उत्तर नाही. परंतु ते शोधण्याची रीत निश्चित आहे. वाणिज्य व अर्थशास्त्राच्या वर्गात खर्चाची संकल्पना शिकविताना हे उदाहरण घेतल्यास, ज्यांच्या घरी असा व्यवहार होऊ घातला आहे अशा विद्यार्थ्यांना ती रीत घरापर्यंत नेता येईल.