दुखते पाठ, घाबरते मन

पावसाळा नुकताच सरला होता. पंचवटीत गोदाघाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि मी पाठीवर आपटलो. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "हाड मोडलेले नाही, स्नायू दुखावलेत. झेपेल तितके हिंडते-फिरते राहा." पण मी बिछाना धरला. तीन आठवडे झाले तरी वाकताना श्वास रोखला जाई, पायऱ्या दिसताच छातीत धडधडे, झोप उडाली होती आणि घरच्यांवर उगाच खेकसत होतो.

विद्यार्थी मित्रहो, पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मला वाटे, वेदना म्हणजे तापमापीतला पारा : जितकी इजा, तितका आकडा. तसे नसते. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी असे मांडले, की इजेचे संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक दार लागते. ते किती उघडावे, हे मेंदूकडून खाली येणारे संदेशही ठरवतात. भीती व काळजी ते अधिक उघडतात. ठेचाळलेला अंगठा चोळला, की स्पर्शाचे संदेश ते थोडे लोटून घेतात. या सिद्धांताचे तपशील पुढे बदलले. मूळ कल्पना टिकली.

स्नेहसंमेलनात माईक कर्ण्यासमोर आला, की शिट्टी घुमते ना? कर्ण्यातला आवाज माईकमध्ये शिरतो, वाढून बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. माझेही तेच झाले होते. दुखते म्हणून भीती, भीतीमुळे हालचाल बंद, त्यामुळे स्नायू आखडलेले आणि म्हणून पुन्हा दुखणे!

हे चक्र तोडायचे कसे? १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो व सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या २०३ रुग्णांपैकी काहींना २ दिवस, तर काहींना ७ दिवस पडून राहण्याचा सल्ला दिला. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे कमी झाले. बरे होण्यात मात्र ते मागे पडले नाहीत.

मीही रोज थोडे चालू लागलो. आधी अंगणात, मग गल्लीत, शेवटी घाटावर. पाठीआधी भीती सैलावली.

मात्र पायात बधिरपणा वा अशक्तपणा आला, लघवीवर ताबा राहिला नाही किंवा ताप आला, तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

आणि शिक्षकबंधूंनो व भगिनींनो, पडलेला विद्यार्थी महिन्यानंतरही कवायतीला कचरला, तर "नाटक करतोस" म्हणू नका. त्याची वेदना खरी असते. तिच्या आवाजाची कळ भीतीच्या हाती असते, इतकेच.